तिसऱ्या दालनातला ताप

मित्रांनो, मला लांबून पाहिलेत तर वाटेल, कुणीतरी खिडकीचा गज उपटून इथे आणून ठेवला आहे. तसे वाटले तरी मला राग येणार नाही. मी आहेच एक साधा, जुना लोखंडी गज. दीड माणूस लांब, अंगठ्याएवढा जाड, एका टोकाला अणी आणि दुसऱ्या टोकाला हात घालायला कडी. मला ना चाक, ना धार, ना बटण. पण एका मोठ्या शहराच्या तोंडचा घास आतल्या आत जळत होता, तेव्हा तो नेमका कुठे जळतो आहे हे माझ्या अंगाने सांगितले. आणि त्याआधी कितीतरी दिवस मी दाराशी नुसता उभा होतो. ती तगमग मी अजून विसरलेलो नाही.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. नदीवरच्या जुन्या पुलाचा कठडा मोडीत निघाला होता, त्यातला एक तुकडा म्हणजे मी. शहराच्या धान्यकोठाराचा राखणदार मला घडवून घ्यायला स्वतः आला होता. तेव्हा तो ऐन तिशीतला, उंच आणि कमी बोलणारा माणूस होता. एवढा लांब गज कशाला हवा, साप मारायचेत की काय, असे लोहाराने त्याला विचारले.

"ताप बघायचाय," राखणदार म्हणाला. "गव्हाचा."

लोहार इतका हसला की त्याच्या हातातला हातोडा खाली आला. राखणदार मात्र हसला नाही. लोखंड लवकर ऊब धरणारे हवे, अंग गुळगुळीत हवे, आणि अणी अशी हवी की दाणा न फोडता वाट काढेल, हे त्याने शांतपणे समजावून सांगितले. मग लोहारही गंभीर झाला. दोन दिवस तो मला घासत होता.

ज्या कोठारात मी आलो तिथे चार दालने होती. एकेक दालन इतके मोठे, की या टोकाला कुणी शिंकले तर त्या टोकाच्या माणसाला वाटावे, बाहेर रस्त्यावर कुणीतरी शिंकले. गहू पोत्यांत नसे. तो सुटा ओतलेला असे, आणि त्याची रास छपराच्या तुळईला टेकू पाहत असे. कधी पीक बुडाले, कधी बाहेरून धान्य आले नाही, तर शहराने तीन महिने खायचे ते या चार दालनांतून, अशी व्यवस्था होती.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, गहू ओतला, दार लावले, काम झाले. तसे नसते. दाणा जिवंत असतो. तो श्वास घेतो. तो कोरडा असेल तर हळूहळू, झोपल्यासारखा घेतो. ओला असेल तर भराभर घेतो आणि तापू लागतो. ती ऊब शेजारच्या दाण्याला लागते, त्याला घाम फुटतो, मग बुरशी येते, किडे येतात. हे सगळे राशीच्या पोटात घडते. वरून पाहाल तर सोन्यासारखा गहू दिसतो. सुक्याबरोबर ओलेही जळते असे लोक म्हणतात. कोठारात उलटे असते. ओल्याबरोबर सुकेही जळते.

म्हणून राखणदार रोज सकाळी मला घेऊन राशीवर चढे. ठरलेल्या जागी मला कडीपर्यंत आत खुपसे आणि पाव तास थांबे. त्या पाव तासात तो बोलत नसे. मग मला सरळ वर ओढून आधी तळव्यात धरी, मग मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवी, आणि शेवटी अणीचा वास घेई. हमाल त्याला चिडवायचे, हा गव्हाची नाडी बघतो म्हणून. पुढे त्याचे नावच नाडीकाका पडले. मूळ नाव काय ते पगारवाल्या कारकुनाखेरीज कुणाला आठवत नसावे.

एका वर्षी पहिल्या दालनाच्या पत्र्याला सुईएवढे भोक पडले होते. कुणालाच ते दिसले नव्हते. माझे टोक किंचित कोमट लागले आणि नाडीकाकांनी तेवढा कोपरा उपसायला लावला. आतून हातगाडीभर काळा गहू निघाला. तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि हे यंत्र फार उत्तम आहे असे ते म्हणाले. मला यंत्र म्हणणारे ते पहिले आणि शेवटचे. खोटे कशाला सांगू, मला बरे वाटले.

मग काळ बदलला. जहाजे येऊ लागली. समुद्रापलीकडचा गहू इथल्यापेक्षा स्वस्त पडे आणि दर पंधरवड्याला बंदरात लागे. साठवून कशाला ठेवायचे, लागेल तसे आणू, असे वरच्या लोकांचे मत झाले. दोन दालने रिकामी झाली. एकात टायर ठेवायला दिले, दुसऱ्यात लाकडी कपाटे. उरलेल्या दोनांत थोडा गहू असे, आणि तो बिचारा राशीपेक्षा ढिगाऱ्यासारखा दिसे. नाडीकाका एकदा व्यवस्थापकांना म्हणाले होते, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. व्यवस्थापकांनी बंदराकडे बोट दाखवून सांगितले होते, आपला आड तिकडे आहे.

त्याच सुमारास राशीत तारा आल्या. प्रत्येक दालनात छपरापासून जमिनीपर्यंत तीन तारा, त्यांत मण्यासारखे तापमापक, आणि कचेरीत एक फलक. सगळे ठीक असले की फलकावर हिरवे दिवे. या तारा बसवणारी कोण होती, ठाऊक आहे? खुद्द नाडीकाकांची लेक. ती वायरमनचे काम शिकून त्याच कोठारात लागली होती. हमालांनी तिचेही बारसे करून टाकले. तिला ते वायरताई म्हणत.

बापलेकीचे त्यावरून वाजले नाही असे नाही. बाबांनी रोज इतके उंच चढावे, धुळीत खोकावे, हे तिला बघवत नव्हते. तारा दिवसातून चोवीस वेळा ताप बघतात, तुम्ही एकदाच बघता, असे ती म्हणे. तारा जिथे आहेत तिथलाच ताप बघतात, मी जिथे मन जाईल तिथला बघतो, असे ते म्हणत. दोघांचेही खरे होते. पण नाडीकाकांना मधुमेहाने गाठले होते. त्यांची बोटे हळूहळू बधिर होत गेली. एके सकाळी त्यांनी मला राशीतून ओढले, तळव्यात धरले, मनगटाला लावले, पुन्हा तळव्यात धरले. मग मला भिंतीला टेकवून ते खाली उतरले, आणि पुन्हा कधी मला घेऊन वर चढले नाहीत. त्यांनी कुणाला काही सांगितले नाही. महिन्याभराने ते निवृत्त झाले.

तिसऱ्या दालनाचे मागचे दार वाऱ्याने आपटत असे. त्याला टेकण म्हणून कुणीतरी मला लावून टाकले. मी सहा वर्षे त्या दाराशी उभा होतो. कडीला गंज चढला. एक कुत्री माझ्या सावलीत झोपायची, तेवढीच सोबत.

सातव्या वर्षी सगळे एकदम घडले. लांबच्या दोन देशांत लढाई पेटली आणि त्यांच्या मधली अरुंद खाडी बंद झाली. जहाजे त्याच वाटेने यायची. हमाल जेवायला दाराशी बसत, तेव्हा त्यांच्या बोलण्यातून मला कळे. आज म्हणे तीन जहाजे परत फिरली, आज म्हणे शेजारच्या देशाने गहू बाहेर पाठवायला बंदी घातली, खताची किंमत म्हणे दुप्पट झाली. इकडे आपल्या शेतांतही धड नव्हते. गव्हाला दाणा भरायच्या वेळी असे ऊन पडले की ओंब्या चिमटल्या, आणि उरलेला गहू कापून पडला होता तेव्हा चार दिवस अवकाळी पाऊस झाला.

मग धावपळ सुरू झाली. टायर बाहेर गेले, कपाटे बाहेर गेली, आणि मिळेल तिथला गहू मिळेल तसा कोठारात येऊ लागला. दिवसभर ट्रक. मी दाराशीच होतो, त्यामुळे प्रत्येक ट्रक माझ्या अंगावरून गेल्यासारखा जाई. कोरडा गहू ओतताना खळखळतो. ओला गहू धपकन पडतो. मला आवाज कळत होता, आणि दार अडवून धरण्याखेरीज मला काही करता येत नव्हते. हमालांचा मुकादम एकदा मूठभर गहू दाताखाली धरून म्हणालाही, की हा चावताना मऊ लागतो. पण मागे अकरा ट्रक उभे होते आणि शहरात पावाच्या दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. ओला की कोरडा हे निवडत बसायला कुणाला उसंत होती? चारही दालने तुळईपर्यंत भरली. कोठार भरल्याचे वर कळवले गेले, आणि शहराने जरा श्वास सोडला.

वीज त्या दिवसांत दिवसातून चार तास यायची, तीही कधी सकाळी, कधी दुपारी. हवा खेळवणारे मोठे पंखे बंदच होते. नाडीकाका रोज दुपारी लेकीचा जेवणाचा डबा घेऊन येत आणि मागच्या दाराशी, माझ्याजवळ बसत. माझ्याकडे ते बघत नसत. एका दुपारी त्यांनी सहज विचारले, तिसऱ्या दालनात आज फलक किती दाखवतो.

"चोवीस," लेक म्हणाली.

"आणि काल?"

"कालही चोवीसच."

"आणि त्याच्या आधी?"

तिचा घास हातातच राहिला. बाहेर ऊन असे तापले होते की पत्र्याला हात लावला तर फोड यावा. पण फलकावर आठवडाभर चोवीस होते, सकाळी आणि दुपारीही.

"पोरी," नाडीकाका म्हणाले, "इतकी सारखी नाडी फक्त मेलेल्या माणसाची असते."

ती धावत कचेरीत गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. वीज सारखी येऊन-जाऊन तारांचे आकडे फलकावर पाठवणारी पेटी अडकून बसली होती, आणि फलक अकरा दिवसांपूर्वीचा शेवटचा आकडा दाखवत होता. दिवे मात्र हिरवे. तिनेच बसवलेले दिवे. पेटी दुरुस्त करायला जो भाग लागतो तो परदेशातून येई, म्हणजे तोही त्याच बंद खाडीपलीकडे अडकलेला. ती दारात उभी राहून इकडे तिकडे बघू लागली, आणि तिची नजर माझ्यावर पडली.

तिने मला उपटले. मागे दार धाडकन आपटले. गंज तिने स्वतःच्या ओढणीने पुसला.

राशीवर चढताना नाडीकाका खालून सांगत होते, की सरळ पाय टाकू नको, आधी फळ्या टाक, वर कडक पापुद्रा धरला असेल आणि खाली पोकळी असेल तर माणूस गिळला जातो. मुकादमाने फळ्या दिल्या. लेक वर पोचल्यावर ते खालूनच तिला जागा सांगू लागले. तारांपासून लांब, वायव्येचा कोपरा, जिथे शेवटचे ट्रक ओतले गेले तिथे. तिने मला आत खुपसले. सहा वर्षांनी मी गव्हात शिरलो. पण मित्रांनो, मी हात दोन हात आत गेलो आणि मला कळले. माझे टोक जिथे थांबले तिथे दाणे एकमेकांना चिकटले होते. तिथे भट्टीची आठवण यावी असा उकाडा होता. पाव तास. तो पाव तास मला माझ्या सहा वर्षांहून मोठा वाटला. मला ओरडता आले असते तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

नाडीकाका तोवर मुकादमाच्या आधाराने वर आले होते. तिने मला ओढले आणि आपसूक बाबांपुढे धरले. त्यांनी मला तळव्यात घेतले. मनगटाला लावले. पुन्हा तळव्यात घेतले. मग ते म्हणाले, "मला काही कळत नाही गं. तू धर."

लेकीला ते तेव्हा कळले. सहा वर्षांपूर्वी ते राशीवरून का उतरले, हेही कळले. तिने मला हातात धरले आणि झटकन सोडले. मग पुन्हा धरले, मनगटाला लावले, अणीचा वास घेतला. वास आंबट होता.

व्यवस्थापक हा वाईट माणूस नव्हता, हे मी आधी सांगून ठेवतो. वय चाळिशीचे, चार रात्रींची झोप राहिलेली, आणि दर तासाला वरून फोन. लेकीने त्याला सगळे सांगितले. तिसरे दालन उघडून उपसायचे म्हणजे गहू बाहेर आणायचा, म्हणजे सगळ्या शहराला दिसणार. उद्या सकाळी फाटकापाशी दंगल होईल, असे तो म्हणाला. नीट तपासणी होऊ दे, प्रयोगशाळेकडे नमुना पाठवू, आठ दिवसांत उत्तर येईल.

"आठ दिवसांत तिसरं दालन संपेल, साहेब. मग भिंतीला लागून चौथं."

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, ताई. सध्या शहर त्या मुठीवर जगतंय."

यावर नाडीकाका दारातूनच म्हणाले, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. हात पुढे करा, साहेब."

मी अजून गरम होतो. लेकीने माझे टोक व्यवस्थापकाच्या तळव्यावर ठेवले. त्याने हात मागे घेतला नाही. त्याने डोळे मिटले, उघडले, आणि दालन उघडायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दालनाचे मोठे दार उघडले तेव्हा आतून वाफेचा लोट आला. उपसायला हमाल होते साठ. रास होती हजारो पोत्यांची. धान्य वाहून नेणारा सरकपट्टा विजेवाचून मेलेला. मुकादमाने बोटांवर हिशोब करून पाहिला, बोटे पुरली नाहीत. तोवर बातमी फुटलीच होती. फाटकाबाहेर शे-दोनशे माणसे जमली, मग पाचशे. कुणी म्हणे गहू परदेशी विकताहेत, कुणी म्हणे साहेबलोक वाटून घेताहेत. कुणाच्या हातात पिशव्या होत्या, कुणाच्या हातात दगडही होते. पहारेकऱ्याने फाटकाला दुसरी साखळी लावली.

व्यवस्थापक पुढे जायला निघाला, तर लेकीने त्याला थांबवले आणि मला घेऊन ती स्वतः फाटकाशी गेली.

"गहू विकत नाही आणि लपवतही नाही," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, म्हणून लोकांना गप्प व्हावे लागले. "आत धान्य तापलंय. बाहेर काढून पसरलं नाही तर तिसरं दालन जाईल. तारा मी लावल्या होत्या, त्या बंद पडल्या, आणि मला अकरा दिवस कळलं नाही. आता हात हवेत."

पुढच्या रांगेत एक बेकरीवाली बाई होती. दोन आठवडे तिची भट्टी विझलेली होती. तिने विचारले, "किती वाचेल?"

"आज सुरू केलं तर बरंच. किती ते मला आत्ता सांगता येत नाही."

बेकरीवाली वळली आणि गर्दीतून निघून गेली. लेकीचा चेहरा उतरला. मागे कुणीतरी पुटपुटले, की बघा, सगळे असेच जाणार. पण थोड्या वेळाने ती परत आली. तिच्या खांद्यावर भट्टीतले पाव ओढायचे लांब दांड्याचे लाकडी फावडे होते. तिने ते फाटकाच्या गजांतून आत सरकवले आणि पहारेकऱ्याला म्हणाली, "साखळी काढ."

त्यानंतर काय काय आले ते मी डोळ्यांनी पाहिले. फावडी आली, घमेली आली, लहान मुलांच्या आंघोळीचे टब आले. ताडपत्र्या कमी पडल्या तेव्हा लोकांनी चादरी, पडदे, दुकानांचे फलक आणले. कोठाराचे आवार भरले, मग समोरचा रस्ता, मग शाळेचे मैदान. बोटभर जाडीचा गहू जिकडे तिकडे. लोक त्यातून अनवाणी, पाय घासत चालत, म्हणजे खालचा दाणा वर यावा. ज्या उन्हाने शेतातल्या ओंब्या चिमटवल्या होत्या, त्याच उन्हापुढे सगळे शहर आता पदर पसरून उभे होते. लेक मला घेऊन एका दालनातून दुसऱ्यात पळत होती, खुपसत होती, ओढत होती. दर वेळी ती मनगट टेकवून नाडीकाकांना सांगे, आणि ते म्हणत, इथे आधी उपसा, तिथे उद्या. बापाची अक्कल आणि लेकीचे हात, असे ते तीन दिवस चालले. एकदा ती म्हणाली, "बाबा, इथे कोमट लागतंय की मलाच तसं वाटतंय?" ते म्हणाले, "मलाही तीस वर्षं असंच वाटायचं. शंका आली की उपस."

राशीच्या पोटात जे सापडले ते मात्र वाईट होते. काळे, एकमेकांना चिकटलेल्या दाण्यांचे ढेकूळ. फोडले की आतून हिरवी धूळ उडे. मुकादमाने तोंडाला फडके बांधून ते वेगळे काढले आणि आवारामागे खड्डा खणायला लावला. तिथे एक माणूस पोते घेऊन आला. कपड्यांवरून चांगल्या घरचा वाटत होता, पण पट्टा शेवटच्या भोकाला येऊन ठेपलेला. तो त्या काळ्या गव्हाने पोते भरू लागला. लेकीने अडवले. शेळ्यांसाठी नेतोय, असे तो म्हणाला.

"शेळ्यांनाही नको, दादा."

"तिकडे माणसं रांगेत उभी आहेत," तो म्हणाला, "आणि तुम्ही गहू पुरताय?"

तेव्हा नाडीकाका खड्ड्याच्या काठावर बसले. आयुष्यभर ज्याने जमिनीवर सांडलेला एक दाणाही उचलून ठेवला, तो माणूस त्या ढिगाकडे बघत होता. "हा गहू राहिला नाही," ते म्हणाले. "आम्ही वेळेवर हात लावला असता तर गहू होता. आता यात विष आहे. शेळी खाईल, दूध तुमची मुलं पितील."

त्या माणसाने पोत्याची टोके धरली आणि ते खड्ड्यात उलटे केले. रिकामे पोते घडी करून काखेत घेतले, आणि घरी न जाता तो गहू पसरायला मैदानाकडे गेला. मला त्याच्या शेळ्या खरोखर होत्या की नव्हत्या, हे शेवटपर्यंत कळले नाही.

मित्रांनो, सगळा गहू वाचला असे सांगायला मला आवडले असते. तिसऱ्या दालनातला पाचातला एक भाग आम्ही पुरला. उरलेला वाळवून, गार करून परत भरला. व्यवस्थापकाने किती गेला आणि किती उरला हे फाटकावर पाटी लावून लिहिले. वरून त्याला बोलणी बसली, पण पाटी त्याने काढली नाही. पुढचे सात आठवडे माणशी मोजून धान्य मिळाले. लोक वाळले. रांगेत भांडणेही झाली. मग एक जहाज आले, तेही अर्धे भरलेले. त्यानंतर नवे पीक हाती येईपर्यंत कोठाराचा तळ दिसू लागला होता, पण दालन पूर्ण रिकामे झाले नाही.

पुढच्या वर्षी नाडीकाका गेले. शेवटच्या दिवसांत ते अंथरुणावरून लेकीला रोज राशीचा ताप विचारत, असे ती मुकादमाला सांगत होती. तिने तारांची पेटी दुरुस्त केली आहे. ती अडकली तर आता लाल दिवा लागतो. शिवाय त्या लोहाराच्या नातवाकडून तिने माझ्यासारखे अकरा गज करून घेतले आणि हमालांना, पहारेकऱ्याला, अगदी कारकुनालाही ताप बघायला शिकवले. बेकरीवाली महिन्यातून एकदा येते आणि कुणाला न विचारता राशीवर चढते. शहराचा घास आहे, बघायला परवानगी कशाला हवी, असे तिचे म्हणणे आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग हा गज अजून अस्वस्थ का? खाडी उघडली आहे, पण लढाई मिटलेली नाही. ऊन दर वर्षी चार दिवस आधी येते. पाऊस कापणीच्या दिवशीच यायला शिकला आहे. आणि कोठार भरले की लोकांच्या डोळ्यांवर झोप येते, हे मी माझ्या आयुष्यात दोनदा पाहिले. मित्रांनो, भरलेले कोठार म्हणजे पोटभर जेवण नव्हे. त्यात रोज कुणीतरी हात घालावा लागतो. तुमच्या घरचा धान्याचा डबा असो की शहराचे दालन, वरचा दाणा पाहून झाकण लावू नका. खालून मूठभर वर काढा, वास घ्या, मनगटाला लावा. आणि ऊब लागली तर कुणाला वाईट वाटेल, कोण रागावेल, याचा विचार करत बसू नका. सांगा.

आत्ता मी चौथ्या दालनात, पूर्वेच्या भिंतीजवळ, कडीपर्यंत आत आहे. आज सकाळी लेकीने इथे नवी जागा निवडली. पाव तास व्हायला अजून थोडा वेळ आहे. माझ्या अणीला काहीतरी लागते आहे. भिंतीवर पडलेल्या उन्हाची ऊब असेल. नसेलही. बाहेर ट्रकचा आवाज येतो आहे, कुणीतरी तिला हाक मारते आहे, आणि मी मनात घोकतो आहे, की आधी इकडे ये बाई. आधी मला वर ओढ.